अर्ज ‘निकाली’, पण सातबारा तसाच: सुधारणा मोहिमांनी लोकांची कामं खरंच सुधारतात का?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. शहापूर तालुक्यात त्यांच्या नावे थोडी जमीन आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्याची ‘जिवंत सातबारा’ मोहीम आली, तेव्हा भावाने गावी जाऊन मृत्यूचा दाखला, वारसांचं स्वयंघोषणापत्र, आधारच्या प्रती असं सगळं दिलं. पावसाळ्यानंतर चौकशी केली तर अर्ज ‘निकाली’ निघालेला. सातबाऱ्यावर मात्र अजून वडिलांचंच नाव. पुढे त्या लिहितात, “दर वर्षी नवी मोहीम येते, फलक लागतात, बक्षिसं दिली जातात. यातून लोकांची कामं खरंच सुधारतात का, की आम्हीच उगाच आशा धरतो?”

महसूल खात्यात मी ३१ वर्षं काढली. लिपिक म्हणून लागलो, अव्वल कारकून झालो, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. बहुतेक नोकरी ठाणे जिल्ह्यातच झाली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होण्याआधी हा जिल्हा एका टोकाला मीरा-भाईंदर आणि दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाडा असा पसरला होता. लोकशाही दिन, सेतू, महाराजस्व अभियान, झिरो पेंडन्सी, शासन आपल्या दारी हे सगळं मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलं. २०२५ चा शासकीय कार्यालयं सुधारण्याचा १०० दिवसांचा आणि त्यानंतरचा १५० दिवसांचा कार्यक्रम मात्र तुमच्यासारखाच बाहेरून पाहिला.

ताई, सुधारणा होते. पण ज्या मोहिमेने लोकांच्या वाटेतली एखादी पायरी कायमची काढून टाकली, तिथेच ती झालेली मी पाहिली. ज्या मोहिमेने कार्यालयाकडे फक्त आकडा मागितला, तिथे आकडा आला आणि लोक होते तिथेच राहिले. हा फरक तुमच्या त्या ‘निकाली’ शब्दात आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

कार्यालयात दर महिन्याला गोषवारा जातो. त्यात रकाने असतात: मागील शिल्लक, नवीन आवक, एकूण, निर्गती, अखेर शिल्लक. निर्गतीच्या, म्हणजे ‘निकाली’च्या, रकान्यात मंजूर झालेला अर्ज मोजला जातो, नामंजूर झालेला मोजला जातो, त्रुटीसाठी परत पाठवलेला मोजला जातो आणि ‘संबंधित कार्यालयाकडे वर्ग’ केलेलाही मोजला जातो. ज्याने अर्ज केला त्याचं काम झालं का, याला रकाना नाही. वरून व्हीसीमध्ये, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीत, विचारणा होते ती अखेर शिल्लक किती याची. शिल्लक शून्य दिसली की साहेबांचं कौतुक होतं, साहेब तहसीलदारांचं करतात, तहसीलदार आमचं.

एका वर्षी अशाच मोहिमेच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या टेबलावर साठेक अर्ज होते. कुठल्या कार्यालयात ते महत्त्वाचं नाही. शनिवार-रविवार बसून मी त्यातले बहुतेक त्रुटी काढून परत पाठवले. त्रुटी खोट्या नव्हत्या. कुणाची सही अस्पष्ट होती, कुणाचं रेशनकार्ड जुनं होतं. पण एरवी त्याच त्रुटी मी एका फोनवर मिटवल्या असत्या. सोमवारी शिल्लक शून्य झाली. पंधरा दिवसांनी एका पाड्यावरच्या आजी आल्या. साखरेच्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं माझंच पत्र होतं. त्यांना वाचता येत नव्हतं, वाटेत एसटीच्या कंडक्टरकडून वाचून घेतलं होतं. जो कागद जोडा असं मी लिहिलं होतं तो त्यांच्या अर्जाला जोडलेलाच होता, तिसऱ्या पानामागे. घाईत मी तेवढं पान उलटलं नव्हतं. त्यांनी भांडण केलं नाही, “आता परत कधी येऊ?” एवढंच विचारलं. त्या मोहिमेत आमच्या कार्यालयाला प्रशस्तिपत्र मिळालं. आजींचं काम मी त्याच दिवशी करून दिलं, पण त्यांची एक मजुरी आणि दोन वेळचं एसटीचं भाडं त्या प्रशस्तिपत्रात गेलं होतं, हे मला आजही बोचतं.

आकड्याच्या मोहिमेत आणखी एक गोष्ट घडते. घड्याळ कधी सुरू होतं, ते पाहा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ साली आला. अधिसूचित सेवेसाठी दिवस ठरले, उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस वगैरे. अर्जाची पोच, नकाराचं लेखी कारण, मुदतीत काम न झाल्यास ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग लोकसेवा हक्क आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. कायदा उत्तम आहे आणि त्याने खरोखर फरक पडला, हे मी ठामपणे सांगतो. जूनमध्ये अकरावी-डिप्लोमाच्या प्रवेशाच्या दिवसांत दाखल्यांसाठी ठाण्याच्या कोर्टनाक्यापर्यंत लागणाऱ्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना तो फरक माहीत आहे. पण मुदत सुरू होते अर्ज दाखल झाल्यापासून. म्हणून काही ठिकाणी अर्ज दाखल करून घेण्याआधीच खिडकीवर ‘आधी तपासून घ्या’ सुरू झालं. माणूस तीन चकरा मारतो, चौथ्यांदा अर्ज ‘चढतो’, आणि तिथून पुढे १२ दिवसांत दाखला मिळतो. नोंदीत १२ दिवस, माणसाच्या घरी सव्वा महिना. सेवा किती दिवसांत मिळाली हे माणूस पहिल्यांदा घरातून निघाला त्या दिवसापासून मोजायला हवं. ते कुठलंच पोर्टल मोजत नाही.

आता ज्या सुधारणेने खरंच बदल घडवला त्याकडे येतो, आणि ती तुमच्याच विषयातली आहे. सातबारा.

मी नोकरीला लागलो तेव्हा सातबारा हा तलाठ्याच्या हातचा कागद होता. शहापूर-मुरबाडकडे एका तलाठ्याकडे चार-पाच गावं असत. तलाठीअप्पा आज या गावात, उद्या तालुक्याला बैठकीत, परवा पंचनाम्याला. उतारा मिळणं हे त्यांच्या भेटीवर अवलंबून, आणि भेट नशिबावर. तलाठी वाईट होते असं मुळीच नाही. पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून पीकपाहणी करणारे लोक होते ते. पण सगळी वाट एकाच माणसाच्या दप्तरातून जात होती, आणि जिथे वाट अरुंद असते तिथे टोलनाका उभा राहायला वेळ लागत नाही.

पुढे सातबारे संगणकावर आले, पण काही वर्षं त्याने फार काही बदललं नाही. हाताने लिहिलेल्या उताऱ्यात एक क्षेत्र, संगणकावर दुसरं. ‘पांडुरंग’चा ‘पांडूरंग’ झालेला, इतर हक्कातला कर्जाचा बोजा गायब, पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारी जमीन लागवडीच्या क्षेत्रात मिळवलेली. खातेदाराला मग दोन्ही उतारे घेऊन फिरावं लागे. संगणकीकरण झालं असं आम्ही वर कळवलं होतं, आणि खालच्या माणसाचं काम दुप्पट झालं होतं.

बदल घडला तो त्यानंतर, आणि ते काम कुणाला दिसलं नाही. हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा ओळ न ओळ ताडून पाहायचा, चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांचा आदेश घ्यायचा, मग दुरुस्ती चढवायची. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं. एका गावचं वाचन मला अजून आठवतं. शाळेच्या पडवीत तलाठी एकेक गट मोठ्याने वाचत होता. ‘गट नंबर अमुक, क्षेत्र अमुक, खातेदार...’ आणि मागून एक म्हातारे बाबा म्हणाले, “तो मेला की, साल झालं.” पुढच्या गटाला दुसरा म्हणाला, “हे क्षेत्र माझं नाही, ओढ्यापलीकडचं त्याचं.” दुपारपर्यंत तलाठ्याच्या वहीची बरीच पानं भरली. दिवसाला ३०-४० सातबारे नीट ताडून झाले तरी पुष्कळ. रात्री सर्व्हरवर ताण कमी असतो म्हणून कित्येक तलाठी रात्री जागून नोंदी चढवत. या कामाचं उद्घाटन होत नाही, त्याला फीत नसते.

हा पाया झाला म्हणूनच २०१८ मध्ये डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला आणि तो चालला. तलाठ्याची सही ही पायरीच उडाली. तसंच खरेदीखताचं. पूर्वी दुय्यम निबंधकाकडे दस्त झाला की सूची क्रमांक २ ची, म्हणजे दस्ताच्या गोषवाऱ्याची, प्रत घेऊन खरेदीदाराला तलाठ्याकडे जावं लागे, तिथे अर्ज, मग फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद. आता निबंधक कार्यालयातून माहिती सरळ ई-फेरफारमध्ये जाते. एक चक्कर, एक अर्ज, आणि ‘साहेब, जरा बघा ना’ म्हणण्याचा एक प्रसंग कमी झाला. १५ दिवसांची नोटीस आणि मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणीकरण हे कायद्याने राहिलं, आणि ते राहायलाच हवं. कारण त्या १५ दिवसांत कुणाचा हक्क डावलला जात असेल तर त्याला बोलायची संधी मिळते. काढण्यासारखी पायरी कोणती आणि राखण्यासारखी कोणती, हे ज्याने खाली काम केलंय त्याला कळतं. मोहीम आखणाऱ्यांनी त्याला विचारलं तर अर्ध्या चुका टळतील.

पायरी कागदावर काढली म्हणजे निघते असंही नाही. मार्च २०१५ मध्ये शासनाने प्रतिज्ञापत्रांऐवजी स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतींऐवजी स्वतः सही केलेल्या प्रती चालतील असा निर्णय काढला. त्याआधी दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्कही माफ झालेलं होतं. माझ्या मते गरीब माणसासाठी गेल्या वीस वर्षांतल्या मोठ्या सुधारणांपैकी ही एक. तरीही कित्येक वर्षांनंतर कार्यालयांबाहेर स्टॅम्पपेपरवर टंकलेखन करणाऱ्यांपुढे लोक बसलेले मी पाहत होतो. आतला लिपिक म्हणे, “जोडा, राहू दे, सेफ असतं.” ते सेफ त्याच्यासाठी असे. खर्च अर्जदाराचा. मी स्वतः एका कार्यालयात तो शासन निर्णय मोठ्या अक्षरात छापून खिडकीच्या बाहेरच्या बाजूला लावला होता, लोकांना वाचता येईल असा. आतल्या बाजूला लावून काही झालं नसतं. पहिल्या आठवड्यात चार-पाच जणांनी त्यावर बोट ठेवून “साहेब, इथे तर असं लिहिलंय” म्हटलं, आणि मागणी आपोआप थांबली. मी तिथून बदलून गेल्यावर तो कागद टिकला की नाही, ठाऊक नाही. बहुधा रंगकामात गेला असेल.

टिकणं हीच पुढची अडचण. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग अभ्यासला होता. यातल्या पहिल्या दोघांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं. उपकेंद्रातल्या परिचारिका गैरहजर राहतात म्हणून वेळ-तारीख उमटवणारी यंत्रं बसवली आणि गैरहजेरीला पगारकपात जोडली. सुरुवातीला हजेरी झपाट्याने सुधारली. मग आरोग्य खात्यानेच ‘सूट दिलेले दिवस’ मंजूर करायला सुरुवात केली. आज बैठक, उद्या मोहीम, परवा यंत्र बिघडलं. सुमारे १८ महिन्यांत सगळा परिणाम पुसला गेला. यंत्र मात्र भिंतीवर होतंच. मी हे वाचलं तेव्हा मला आमचं बायोमेट्रिक आठवलं. सकाळी पावणेदहाला अंगठे उमटत, आणि साडेदहाला खिडकीवर रांग तशीच, कारण ज्याच्याकडे ते काम त्याला निवडणुकीच्या मतदार यादीवर पाठवलेलं. कर्मचारी हजर, सेवा गैरहजर. निवडणूक, पूर, जनगणना, कुठली ना कुठली यात्रा, व्हीआयपी दौरा, हे सगळं महसूलच्याच अंगावर येतं. त्यात पदं रिकामी. ज्या टेबलावर तीन माणसं हवीत तिथे एक, आणि त्याच्याकडे आणखी एका टेबलाचा अतिरिक्त कार्यभार. अशा टेबलावर कुठलंही ॲप आणून ठेवा, ते त्याच एका माणसाच्या डोक्यावर बसतं. रिक्त पदं भरण्याला मी सेवा सुधारणेतलं पहिलं काम मानतो, आणि मोहिमांच्या कलमांत ते सहसा शेवटी येतं किंवा येतच नाही. २०२५ च्या १५० दिवसांच्या कार्यक्रमात अनुकंपा नियुक्त्या आणि सेवाविषयक बाबी घेतल्या होत्या, ते मला मनापासून आवडलं. बाहेरच्याला वाटेल यात लोकांचं काय. लोकांचंच आहे त्यात.

नवी मुंबईकर म्हणून तुम्ही साहजिकच म्हणाल, पण आमच्याकडे स्वच्छतेत तर स्पर्धेमुळेच सुधारणा झाली. बरोबर. स्वच्छ सर्वेक्षणात नवी मुंबई २०२० ला देशात तिसरी, २०२३ च्या निकालातही तिसरी. ही शर्यत दरवर्षी असते, एकदाच होऊन संपत नाही, म्हणून तिचा दाब टिकतो. कचरागाडी सकाळी आली की नाही हे प्रत्येक सोसायटीला दिसतं, त्यासाठी गोषवारा लागत नाही. पण त्यामागे सिडकोने १९७० पासून आखलेले सेक्टर आहेत, रुंद रस्ते आहेत, महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, मलवाहिन्यांचं जाळं आहे. गाडी दारापर्यंत जाऊ शकते. तीच मोहीम कळव्याच्या डोंगरउतारावरच्या चाळीत किंवा दिवा गावच्या गल्लीत नेली तर गाडी कोपऱ्यावरच थांबते आणि तिथून पुढे माणसाने बादली घेऊन चालायचं असतं. गुण देताना दोघांना एकच फूटपट्टी लावली की एक हुशार ठरतो, एक ढ. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि तिथल्या सफाई कामगारांवर तर फारच.

काही सुधारणा एका माणसाच्या जोरावर उभ्या राहतात. ठाण्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस टी. चंद्रशेखर आयुक्त असताना रस्ते रुंद झाले. ज्यांनी त्याआधीचा ठाणे स्टेशनचा परिसर पाहिलाय त्यांना सांगायला नको. नवी मुंबईत २०१६ मध्ये तुकाराम मुंढे आले, ‘वॉक विथ कमिशनर’मध्ये सकाळी बागेत लोकांच्या तक्रारी थेट ऐकल्या जायच्या, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत त्यांची बदली झाली. दोघांच्या कामाची तुलना मी करत नाही. रस्ता एकदा रुंद झाला की अधिकारी गेला तरी रुंदच राहतो. सकाळी बागेत तक्रार ऐकण्याची सवय मात्र माणसाबरोबर जाते, पुढच्याला ती कुठे लिहिलेली सापडत नाही. अधिकारी जाणारच, हे धरूनच सुधारणा बांधावी लागते.

अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ऐंशीच्या दशकात अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते. त्यांनी दप्तर लावायची जी पद्धत घालून दिली तिला आम्ही अजून लखिना पॅटर्न म्हणतो. प्रत्येक टेबलावर सहा गठ्ठे: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे, नष्ट करायचे. कागद किती काळ जपायचे त्यानुसार त्यांचं अ, ब, क, ड वर्गीकरण. पुण्याला चंद्रकांत दळवी विभागीय आयुक्त असताना झिरो पेंडन्सीची जी मोहीम झाली तिच्या मुळाशीही हेच होतं. आमच्याकडे ती आली तेव्हा मी आणि एक शिपाईमामा यांनी अभिलेख कक्षात तीन आठवडे काढले. लाल कापडाचे रुमाल सोडायचे, धूळ झटकायची, वाळवी लागलेलं वेगळं, ‘ड’चे कागद यादी करून बाद. त्यात १९७८ सालच्या एका कुळाच्या प्रकरणाची मूळ संचिका सापडली, जी ‘आढळून येत नाही’ असं आम्ही तीनदा लेखी कळवलं होतं. त्या कुटुंबाला निरोप धाडला, मुलगा आला, त्याला नक्कल दिली. तो बराच वेळ ती धरून उभा होता. त्या मोहिमेचे गुण किती मिळाले ते माझ्या लक्षात नाही. पण पुढे जो कुणी त्या टेबलावर आला त्याला कागद पाच मिनिटांत सापडू लागला, आणि पद्धत समजायला सोपी असल्याने निदान मी होतो तोवर तरी मोडली नाही.

२०२५ च्या १०० दिवसांच्या कार्यक्रमातही संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रार निवारण, सोयीसुविधा, क्षेत्रीय भेटी अशी सात कलमं होती आणि गुणांकन बाहेरच्या संस्थेकडून, भारतीय गुणवत्ता परिषदेकडून करून घेतलं. बाहेरच्याने तपासणं ही चांगली गोष्ट आहे. पिण्याचं पाणी, बसायला बाक, बायकांसाठी स्वच्छतागृह या गोष्टींना मी कमी लेखत नाही. तान्हं मूल घेऊन सकाळपासून उभी असलेली बाई ज्याने पाहिली तो लेखणार नाही. तरी माझी एक मागणी आहे. तपासणाऱ्याने कार्यालयात येऊन रंग आणि फलक पाहावेत, पण त्याबरोबर मागच्या सहा महिन्यांत निकाली काढलेल्या अर्जांतले शंभर उचलावेत आणि त्या शंभर माणसांना फोन करावा. काम झालं का, किती वेळा यावं लागलं, कुणाला काही द्यावं लागलं का. तेलंगणात २०१८ मध्ये शेतकऱ्यांना आर्थिक मदत देणाऱ्या रयतु बंधू योजनेत असंच केलं होतं. शेतकऱ्यांना फोन करून विचारणार आहोत, एवढं काही मंडळांतल्या अधिकाऱ्यांना आधी कळवलं. तिथे धनादेश वेळेवर पोचण्याचं प्रमाण वाढलं, आणि खर्च फोनचाच काय तो. माझ्या टेबलावरच्या त्या साठ अर्जदारांना कुणी फोन करणार आहे हे मला ठाऊक असतं तर मी आजींच्या अर्जाचं तिसरं पान उलटलं असतं.

आता ताई, तुमच्या वडिलांच्या जमिनीचं.

‘जिवंत सातबारा’ ही मोहीम कल्पना म्हणून मला फार मोलाची वाटते. मयत खातेदारांची नावं वर्षानुवर्षं तशीच राहतात, मग कर्ज मिळत नाही, पीकविमा अडतो, भूसंपादनाचा मोबदला लटकतो आणि भावाभावांत वाद पेटतात. कार्यालयाने स्वतःहून मयतांच्या याद्या करून वारसांना बोलावणं, हे योग्य दिशेचं पाऊल आहे. पण मुदत थोडी होती, आणि थोड्या मुदतीत सरळ नोंदी झाल्या, ज्यांना जरा बघावं लागतं त्या मागे पडल्या. तुमची बहुधा त्यातलीच.

घरबसल्या पहिलं काम करा. भूमी अभिलेखाच्या संकेतस्थळावर ‘आपली चावडी’ पाहा. जिल्हा, तालुका, गाव टाकलं की त्या गावातले फेरफार दिसतात. वारसाच्या नोंदीला फेरफार क्रमांक पडलाय का ते बघा. पडला असेल आणि प्रमाणित नसेल तर ती मंडळ अधिकाऱ्यांकडे आहे, किंवा कुणी हरकत घेतल्याने तक्रारी नोंदींत गेली आहे. तिथे सुनावणी होते, तुम्हाला नोटीस यायला हवी. नोंद रद्द झाली असेल तर त्या निर्णयावर जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करता येतं. तारीख बघा, ६० दिवस उलटले असतील तर विलंब माफीचा अर्ज सोबत द्यावा लागेल. आणि फेरफार क्रमांकच पडला नसेल तर कागद त्रुटीत परत गेलाय, फक्त तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. माझ्या अनुभवात यात दोन कारणं नेहमीची असतात. मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळत नाही, किंवा लग्न होऊन गेलेल्या बहिणीचं नाव वारसांत घातलेलं नाही. दुसरं असेल तर आधी ते दुरुस्त करा. मुलीचा हक्क वगळून केलेली नोंद आज झाली तरी उद्या उलटते.

भावाला तालुक्याला पाठवाल तेव्हा रिकाम्या हाताने पाठवू नका. एक साधा अर्ज लिहा: ‘अमुक तारखेला कागदपत्रं दिली, निकाली काढल्याचं कळलं, तो आदेश किंवा त्रुटीपत्राची प्रत मिळावी.’ दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. बारनिशीला, म्हणजे आवक-जावकच्या टेबलावर, शिक्का देण्याबद्दल कुणी टाळाटाळ केली तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. महिनाभरात काही आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत, आणि मागा ती संचिकेवरच्या टिप्पणीसह पूर्ण नक्कल. टिप्पणीत कुणाच्या टेबलावर फाइल किती दिवस होती ते तारखांसकट दिसतं. दप्तर दिरंगाईला आळा घालणारा २००५ चा कायदा आपल्याकडे आहे. त्याच्या कलम १० प्रमाणे एका टेबलावर फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये. हे कलम अर्जात लिहा, बोलून दाखवू नका. बोलून दाखवलं की माणूस चिडतो. लिहिलं की त्याला उत्तर द्यावं लागतं.

तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, त्याचा अर्ज आधी द्यावा लागतो. तिथे तहसीलदार समोर असतात आणि तुमचं प्रकरण वाचून दाखवलं जातं. निम्मी गाडी तिथेच रुळावर येते. एजंट मात्र लावू नका. तुमचं काम नियमात आहे, आणि पैसे एकदा दिले की पुढची अडचण पैशांसाठीच निर्माण होते. असे लोक माझ्यासमोर रडलेले आहेत.

फेरफार क्रमांक मिळाला की मला कळवा. तक्रारी नोंद झाली असेल तर सुनावणीत कुठले कागद लागतील ते मी सांगतो.